तापानंतर सुरू होणारी आणि औषधांना न जुमानणारी फिट: ‘फायर्स’ची गोष्ट

पावसाळा लागला की ठाण्यातल्या लहान मुलांच्या कुठल्याही दवाखान्यात एक प्रश्न रोज कानावर येतो. “डॉक्टर, ताप डोक्यात तर नाही ना जाणार?” विचारणारी बहुतेक वेळा आजी असते. उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात, तापाच्या भरात येणारी साधी आकडी शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते. ती काही मिनिटांत थांबते, मूल थोडा वेळ झोपतं आणि उठून बिस्किट मागतं. त्यातून मेंदूला इजा होत नाही. पुढचा मजकूर वाचताना हे विसरू नका. कारण हा लेख तिच्याबद्दल नाही, अतिशय दुर्मीळ अशा एका वेगळ्याच आजाराबद्दल आहे.

त्या आजाराला डॉक्टर ‘फायर्स’ म्हणतात. पूर्ण नाव फेब्राइल इन्फेक्शन-रिलेटेड एपिलेप्सी सिंड्रोम. जर्मनीतल्या अभ्यासानुसार दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण एक, इतकंच त्याचं प्रमाण. एखाद्या बालरोगतज्ज्ञाची उभी कारकीर्द संपेल आणि त्याला हा रुग्ण दिसणारही नाही. पण ज्या घरात तो येतो, तिथे पहिल्या आठवड्यात काय केलं आणि काय राहून गेलं याला फार किंमत असते. म्हणून आईवडिलांना तो निदान ऐकून माहीत असावा, असं मला वाटतं.

सुरुवात कशी होते बघा. समजा, खारेगावातली आठ वर्षांची एक मुलगी. आजवर कधी फिट नाही, अभ्यासात बरी, खेळायला पुढे. तिला ताप येतो, घसा दुखतो. वर्गात निम्म्या मुलांना तेच झालेलं असतं. पॅरासिटामॉलवर ताप उतरतो, घरचे सुस्कारा टाकतात. चौथ्या-पाचव्या दिवशी, अनेकदा ताप गेल्यावर, तिचे डोळे एका बाजूला वळतात, तोंडाचा कोपरा उडायला लागतो, मग सगळं अंग. दवाखान्यात इंजेक्शनने ती फिट थांबते. तासाभराने दुसरी येते. संध्याकाळपर्यंत चार येतात. दुसऱ्या दिवशी मधली विश्रांतीच संपते आणि शुद्ध परत येत नाही. त्यानंतर ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखावर, दिवसाला शेकड्यांनी झटके मोजले जाऊ शकतात.

व्याख्या अशी आहे: आधी कुठलाही मेंदूचा आजार नसलेल्या माणसाला अचानक न थांबणारी, औषधांनाही न जुमानणारी फिट सुरू होते, तपासण्यांत ठोस कारण सापडत नाही, आणि ती सुरू होण्याच्या किमान २४ तास व जास्तीत जास्त दोन आठवडे आधी तापाचा आजार सुरू झालेला असतो. २०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ही व्याख्या ठरवली. तापाची अट काढली आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर त्या मोठ्या गटाला ‘नॉर्स’ म्हणतात; फायर्स हा त्यातलाच एक भाग. फायर्स मोठ्यांनाही होतो, पण मुख्यतः शाळकरी वयातल्या मुलांना होतो. पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला, ताप उतरल्यावर, वारंवार फिट येणं हे साध्या तापाच्या आकडीचं चित्रच नव्हे.

‘न थांबणारी’ म्हणजे किती वेळ? पाच मिनिटं. पूर्ण अंगाची फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर ती आपोआप थांबण्याची शक्यता घसरत जाते, म्हणून तिथून पुढे ती आणीबाणी. घड्याळ बघा, मुलाला कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सैल करा, १०८ ला फोन करा. कांदा, चप्पल, लोखंडाची किल्ली यातलं काही हुंगवू नका किंवा हातात देऊ नका. दातखीळ उघडायला चमचा घालू नका. त्याने दात तुटतो आणि श्वासनलिकेत जातो. आधी फिट आलेल्या मुलाच्या घरी डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे लिहून दिलेला असेल तर तो याच वेळी वापरायचा, इस्पितळात पोचेपर्यंत राखून ठेवायचा नाही.

आता, पाच मिनिटांची घाई कशासाठी? मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणारं एक रसायन आहे, गाबा. मिडाझोलाम, लोराझेपाम ही पहिल्या फळीची औषधं गाबाच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या जागांवर, काम करतात. फिट लांबली की पेशी या जागा आत ओढून घेते. त्याच वेळी पेशीला चेतवणाऱ्या ग्लुटामेटच्या जागा पृष्ठभागावर वाढतात. म्हणजे दहाव्या मिनिटाला दिलेला डोस आणि चाळिसाव्या मिनिटाला दिलेला तोच डोस यांना सारखंच यश मिळत नाही. औषध बदललेलं नसतं, मेंदू बदललेला असतो.

पहिली फळी हरली की दुसरी: लेव्हेटिरासिटॅम, फॉस्फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट. यातलं कोणतं सरस, यावर डॉक्टर वर्षानुवर्षं भांडत आले. २०१९ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत तिघांनाही जवळपास सारखंच यश मिळालं, साधारण निम्म्या रुग्णांत. (लहान मुलांत व्हॅल्प्रोएट देताना आम्ही जरा कचरतो, कारण मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा, एखादा जनुकीय आजार दडलेला असेल तर ते यकृतावर उलटतं.) दुसरी फळीही हरली तर त्याला रिफ्रॅक्टरी, हट्टी फिट म्हणतात. मग भूल देण्याची वेळ येते. आणि भूल देऊन २४ तास उलटल्यावरही झटके चालू राहिले, किंवा भूल कमी करताच परत आले, तर सुपर-रिफ्रॅक्टरी. फायर्सची मुलं जवळजवळ सगळी इथवर येतात.

इथे आईवडील विचारतात, आणि बरोबरच विचारतात, की एवढी औषधं हरतात कशी? कारण फिट हे या आजाराचं मूळ नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट स्विच एकदा अडकला होता. टाकी भरली तरी पंप चालूच, पाणी जिन्यातून खाली. सगळे बादल्या आणि फडकी घेऊन धावले. पाणी उपसणं गरजेचंच होतं, पण पंप बंद होईपर्यंत ते संपणार नव्हतं. फिटची औषधं म्हणजे ते उपसणं. फायर्समध्ये पंप म्हणजे शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा. संसर्ग संपला, विषाणू गेला, तरी दाह थांबत नाही. या मुलांच्या मणक्यातल्या पाण्यात इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ अशी दाह वाढवणारी रसायनं वाढलेली सापडली आहेत. इंटरल्युकिन-१ नावाचं आणखी एक रसायन पेशींना चेतवतं, फिट वाढते, फिटमुळे आणखी दाह. शरीराकडे त्याला अडवणारा स्वतःचा प्रथिनरूपी अवरोधक असतो. फायर्सच्या काही रुग्णांत तोच नीट काम करत नाही, असं दिसलं आहे. अडकलेला स्विच तो.

यंत्रणा मध्येच का अडकते, हे अजून कुणालाही सांगता आलेलं नाही. तुम्ही ताप उशिरा तपासला म्हणून, पावसात भिजू दिलं म्हणून, लस दिली म्हणून किंवा चुकवली म्हणून हे झालं, असं कुणी नातेवाईक म्हणत असेल तर त्याला बाहेर चहा प्यायला पाठवा.

पण ‘फायर्स’ हा शिक्का मारण्याआधी बरंच काही नाकारावं लागतं, आणि आपल्या भागात ही यादी लांब आहे. मेंदूत गेलेला मलेरिया, डेंग्यूचा मेंदूवर परिणाम, क्षयाचा मेंदूज्वर, जपानी एन्सेफलायटिस, हर्पिसचा मेंदूदाह. विदर्भातल्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळ सापडला; वाळूमाशीतून पसरतो, मुलांना ताप, लगेच फिट, काही तासांत बेशुद्धी. त्याचा वेग आणि फायर्सचा वेग वेगळा असतो, फायर्समध्ये ताप आणि फिट यांत दिवसांचं अंतर पडतं. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जाऊ शकतात. शिवाय शरीराने स्वतःच्याच मेंदूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी, म्हणजे ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. त्याची पॅनेल टेस्ट रक्तावर आणि मणक्यातल्या पाण्यावर दोन्हींवर करायची. एमआरआय सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो. “एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे काळजी नाही,” असा अर्थ त्यातून काढू नका.

अहवाल येईपर्यंत थांबायचं नसतं. हर्पिसची शंका मिटेपर्यंत असायक्लोव्हिर, जिवाणूंसाठी अँटिबायोटिक, हे पहिल्या तासांतच सुरू होतं. आणि इथूनच माझ्या मते या लेखातला सगळ्यांत कामाचा मुद्दा येतो. फायर्सची शंका असेल तर दाह कमी करणारे उपचारही वेळापत्रकाने व्हायला हवेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात: संसर्गाचं ठोस कारण मिळालं नाही तर पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं यांपैकी काहीतरी सुरू करा; त्याने भागलं नाही तर सात दिवसांच्या आत दुसरी पायरी आणि किटोजेनिक आहार. आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या बापाने एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो हा: “डॉक्टर, फिटची औषधं कळली, दाहावर उपचार कधी सुरू करतोय?” हा प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे. चांगल्या टीमकडे त्याचं उत्तर तयार असतं.

स्टेरॉइड म्हणजे बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन, शिरेतून, तीन ते पाच दिवस. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी. एकूण डोस किलोमागे २ ग्रॅम. २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या आठ बाटल्या. बिल का फुगतं ते इथे कळतं. खरं सांगायचं तर फायर्समध्ये या पहिल्या पायरीला मिळणारा प्रतिसाद अनेकदा निराश करणारा असतो. म्हणूनच दुसऱ्या पायरीची तयारी पहिली चालू असतानाच करायला हवी.

दुसऱ्या पायरीवरचं सर्वाधिक चर्चेतलं औषध अ‍ॅनाकिन्रा. मुळात संधिवाताचं. शरीराच्या त्याच अवरोधकाची ही प्रयोगशाळेत बनवलेली आवृत्ती, म्हणजे थेट स्विचवर काम. २०१६ मध्ये अमेरिकेत ३२ महिन्यांच्या एका मुलीला ते देऊन फिट आटोक्यात आल्याची नोंद झाली आणि जगभर आशा पसरली. पुढे २०२० मध्ये २५ मुलांच्या माहितीवरून दिसलं की अ‍ॅनाकिन्रा जितकं लवकर सुरू झालं तितके व्हेंटिलेटरवरचे आणि आयसीयूतले दिवस कमी. त्या मुलांची तुलना औषध न मिळालेल्यांशी केलेली नव्हती, त्यामुळे ‘सिद्ध’ हा शब्द मी वापरणार नाही. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, आयात करावं लागतं आणि कागदपत्रांत दिवस जातात. त्यामुळे भारतात अनेकदा टोसिलिझुमॅबकडे वळावं लागतं. हे नाव ठाणेकरांना २०२१ च्या करोना लाटेत पाठ झालं होतं. तेव्हा लोक ते शोधत शहरभर फिरले. ते इंटरल्युकिन-६ चा मार्ग अडवतं. दोन्ही औषधं संसर्गाशी लढायची ताकद कमी करतात, म्हणून देण्याआधी क्षय आणि हिपॅटायटिस बी तपासतात. आपल्या देशात ही तपासणी टाळून चालतच नाही.

आता किटोजेनिक आहार. ऐकल्यावर लोकांना वाटतं, एवढ्या गंभीर आजारात आहार काय करणार? वजन उतरवायला मॉलमधले लोक करतात तेच ना? नाही. फिटसाठी हा आहार १९२१ पासून वापरात आहे. ४:१ या प्रमाणात, म्हणजे वजनाने चार भाग स्निग्ध पदार्थ आणि एक भाग प्रथिनं व कर्बोदकं मिळून. एकूण उष्मांकांपैकी सुमारे ९० टक्के तेला-तुपातून. साखर मिळेनाशी झाली की यकृत चरबीतून किटोन बनवतं आणि मेंदू त्यावर चालायला लागतो. किटोनमुळे पेशी शांत होतात आणि दाहही कमी होतो, असे पुरावे आहेत. बेशुद्ध मुलाला तो नाकातल्या नळीवाटे, पावडरच्या द्रवातून देतात. फ्रान्समध्ये २०१० साली नोंदवलेल्या ९ मुलांपैकी ७ जणांच्या फिट या आहाराने आटोक्यात आल्या, आहार सुरू केल्यापासून चार ते सहा दिवसांत. त्या सातांपैकी एकाचा आहार लवकर थांबला, फिट परत आल्या आणि ते मूल गेलं.

म्हणून आयसीयूत हा आहार पाळणं म्हणजे गुप्तहेराचं काम. सलाइनमधला डेक्स्ट्रोज, पॅरासिटामॉलच्या गोड सिरपमधली साखर, चघळायच्या गोळीतली चव, सगळं मोजावं लागतं. एक चमचा सिरप दोन दिवसांची मेहनत घालवू शकतो. प्रोपोफॉल हे भुलीचं औषध याच्याबरोबर द्यायचं नाही, कारण दोन्हींचा भार चरबीच्या चयापचयावर पडतो आणि जीवघेणी गुंतागुंत होऊ शकते. काही जन्मजात चयापचयाच्या आजारांत हा आहारच धोक्याचा, त्यामुळे त्या तपासण्या आधी. आणि मूल घरी आल्यावर खरी परीक्षा घरच्यांची. गणपतीत शेजारच्या काकू प्रेमाने मोदक देतात, “एकाने काय होतंय?” होतं. या घरापुरता प्रसादाला खोबऱ्याचा तुकडा ठेवावा, तोही आहारतज्ज्ञांनी मोजून दिलेला.

भुलीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. ईईजीवरचा प्रत्येक झटका दाबायचा असं ठरवलं तर मुलाला आठवडे-आठवडे गाढ कोमात ठेवावं लागतं, थायोपेन्टोनसारख्या औषधांनी. त्यात रक्तदाब कोसळतो, फुप्फुसांचे संसर्ग होतात, स्नायू झिजतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७७ मुलांच्या अभ्यासात गाढ कोमाचा काळ जितका लांब तितकी पुढची बौद्धिक स्थिती वाईट, असं आढळलं. अर्थात ज्यांचा आजार जास्त तीव्र त्यांनाच जास्त काळ कोमात ठेवलं असणार, हेही खरं. तरी आज अनेक जाणकार म्हणतात की सगळे झटके शून्यावर आणायचा अट्टहास सोडावा, केटामाइन, फेनोबार्बिटोन यांची मदत घ्यावी आणि दाहावर जोर द्यावा. मलाही हे पटतं. मॉनिटरवर छोटे झटके दिसत असताना डॉक्टर भूल कमी करतायत हे बघून आईवडील हादरतात. तेव्हा विचारा जरूर, पण तो निष्काळजीपणा असेलच असं धरू नका.

हे सगळं कुठे होतं? यासाठी मुलांचा स्वतंत्र आयसीयू, चोवीस तास ईईजी, मुलांचे न्यूरोलॉजिस्ट आणि किटो जाणणारे आहारतज्ज्ञ एका छताखाली लागतात. ठाण्यात-नवी मुंबईत खाजगी इस्पितळं भरपूर आहेत, पण हे चारही आहेत का, हे थेट विचारावं लागतं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय यांसारख्या ठिकाणी पहिली फिट आटोक्यात आणून पुढे पाठवण्याचा निर्णय होऊ शकतो. पुढे म्हणजे परळचं वाडिया, केईएम किंवा सायन. हलवायचं ठरलं तर लवकर हलवा, तिथे बेड असल्याची फोनवर खात्री करून, व्हेंटिलेटर आणि सोबत डॉक्टर असलेल्या ॲम्ब्युलन्समधून. ऐन संध्याकाळी मुलुंड टोलनाक्यावर किंवा सायन-पनवेल रस्त्यावर अडकलेली साधी व्हॅन या मुलासाठी नाही.

पैशांचं म्हणाल तर तीन दारं ठोठवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी, आणि धर्मादाय इस्पितळ असेल तर तिथल्या राखीव खाटा. कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा, रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला मागवून घ्या. बिल फुगल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

आणि निकाल? २०११ च्या त्या अभ्यासात ७७ पैकी ९ मुलं गेली. वाचलेल्या ६८ पैकी १२ जणांची बुद्धी पूर्ववत राहिली. बाकीच्यांत अभ्यासात मागे पडण्यापासून अंथरुणाला खिळण्यापर्यंत सगळं होतं. बहुतेकांना पुढे औषधांना दाद न देणारा अपस्मार राहिला. हे आकडे अ‍ॅनाकिन्राच्या आधीचे आहेत. त्यानंतर चित्र सुधारतंय असं डॉक्टरांना वाटतं, पण किती, ते सांगण्याइतका आजार मोठ्या संख्येने होतच नाही. “पूर्ण बरा करून देतो” म्हणणाऱ्यापासून, मग तो कुठल्याही पॅथीचा असो, लांब राहा.

घरी आलेल्या मुलाला बोलणं, चालणं, गिळणं पुन्हा शिकावं लागू शकतं. स्मरणशक्ती आणि राग यांचे त्रास महिनोन् महिने चालतात. फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी आयसीयूतून बाहेर पडल्याबरोबर सुरू करायची, ‘जरा ताकद येऊ दे’ म्हणत थांबायचं नाही. कायमचं अपंगत्व राहिलं तर सिव्हिल हॉस्पिटलमधून दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्यावर मिळू शकतात. फिटची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. वर्ष चांगलं गेलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद तर अजिबात नाही. डिस्चार्ज कार्ड, ईईजी, एमआरआयची सीडी आणि आहाराचा तक्ता एका फाइलमध्ये ठेवा, त्याचे फोटो दोघांच्या मोबाइलवर. मिडाझोलामचे स्प्रे दोन घ्या. एक घरी आणि एक शाळेत वर्गशिक्षिकेकडे, कसा मारायचा ते करून दाखवून.